माळ्याची माडी: बेलापूरच्या कौलांखालचा प्रश्न

घराच्या वरच्या भागासाठी मराठीत दोन शब्द आहेत, माळा आणि माडी. दोघांमध्ये फरक आहे तो एका जिन्याचा. माळ्यावर शिडी लावून चढायचं, तेही काम असेल तेव्हा: भाताच्या कणग्या, सुकं जळण, पिढ्यान्‌पिढ्यांचा पाळणा, गणपतीचं मखर. माडीवर जिन्याने जायचं, आणि तिथे पाहुण्याला झोपवायचं. वस्तू राहतात तो माळा, माणसं राहतात ती माडी. मुंबईने हा भेद पहिल्यांदा मोडला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत लाकडी फळ्या ठोकून पोटमाळा झाला आणि त्यावर माणसं झोपू लागली. पुढे शहराने मजल्यालाच माळा म्हणायला सुरुवात केली. ‘चौथ्या माळ्यावर राहतो’ हे वाक्य कोकणातल्या एखाद्या आजीला आजही विचित्र वाटेल. अडगळीत कशाला राहतोस बाबा, असं ती विचारेल.

कायदा मात्र आजीच्या बाजूचा आहे. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतली लॉफ्टची व्याख्या पाहा: दोन मजल्यांमधली साठवणीची जागा, उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, आणि वर जायला कायमची वाट नाही. म्हणजे जिना बांधलात की तो लॉफ्ट उरत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची २.७५ मीटर हवी, उतरत्या छपराखाली असेल तर सरासरी तेवढी. दीड मीटर आणि पावणेतीन मीटर यांच्या मधल्या पट्ट्यात मेझनिन नावाचा एक प्रकार आहे, त्यालाही २.२ मीटर उंची लागते. त्याखालच्या जागेला नाव नाही. कौलारू घराचा माळा राहण्याजोगा करायचा म्हटलं, की माणूस नेमका या निनावी पट्ट्यात जाऊन पोहोचतो.

हे सगळं आठवण्याचं कारण बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरमध्ये, पारसिकच्या डोंगरपायथ्याशी, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ च्या सुमारास सिडकोसाठी केलेली ही वसाहत. वास्तुकलेच्या शाळांतून ती शिकवली जाते, परदेशी पाहुण्यांना दाखवली जाते, आणि गेली पंचवीस-तीस वर्षं तिच्याविषयी जे लिहिलं जातं त्याचा सूर जवळपास एकच असतो. बघा, किती सुंदर होतं आणि लोकांनी त्याचं काय करून ठेवलं. एका बाजूला जुनं छायाचित्र, पांढऱ्या भिंती, कौलं, अंगणात खेळणारी मुलं. दुसऱ्या बाजूला आजचं छायाचित्र, तीन मजली काँक्रीट, ग्रील, टाक्या, एसीची खोकी. मजकूर लिहायची गरजच पडत नाही. मला ही दोन छायाचित्रांची टीका आळशी वाटते. तिच्यात आराखड्याचं वाचन नाही, आणि ज्या घरात बेडरूम कमी पडते त्या घराचंही नाही.

आराखडा काय होता ते आधी पाहू. सुमारे साडेपाचशे कुटुंबं, साधारण सहा हेक्टर जमीन. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे सर्वांत गरीब आणि त्यातल्या त्यात सुखवस्तू यांच्यातला फरक फार नाही. कोरियांना हे मुद्दाम हवं होतं. सात घरं आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, अशा तीन अंगणांची मिळून एकवीस घरं बारा बाय बाराच्या मोकळ्या चौकाभोवती, आणि असं वाढत वाढत वसाहतीच्या मोठ्या मोकळ्या जागेपर्यंत. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भिंतींची. शेजाऱ्याशी सामाईक भिंत कुठेही नाही. प्रत्येक घर आपल्या भूखंडावर सुटं उभं, कारण प्रत्येकाने आपापल्या वेळी, आपापल्या पैशाने घर वाढवावं ही कल्पना होती. विटांच्या भिंती, लाकूडकाम, कौलारू छप्पर, म्हणजे गावातल्या गवंड्याला आणि सुताराला जमेल असं बांधकाम. कोरिया १९६५ पासून, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत ‘मार्ग’मध्ये नव्या शहराची कल्पना मांडली तेव्हापासून, याच दिशेने विचार करत होते. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत ते तिचे प्रमुख वास्तुरचनाकार होते. वाढतं घर हे त्यांच्या गृहनिर्माणविचाराचं पहिलं कलम.

तेव्हा लोकांनी घरं वाढवली यात आराखड्याचा भंग झाला असं म्हणताच येत नाही. वाढवायची म्हणूनच तर ती दिली होती. प्रश्न वेगळा आहे, आणि तो दोन छायाचित्रांच्या टीकेत कधीच येत नाही. घर वाढवताना मूळ घर पाडावं का लागलं? वाढतं झाड मुळापासून उपटून नवीन लावत नाहीत. बेलापुरात बहुतेकांनी तेच केलं, जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधलं. काही टीकाकार याचं खापर पैशावर फोडतात, काही अभिरुचीवर. माझ्या मते त्याचं मोठं कारण डोक्यावर होतं, कौलांत.

हिशोब करून पाहू. समजा, अशा वसाहतीतलं एक लहान घर. आई-वडील, दोन मुलं, थोरली दहावीला. अंगणाचा कोपरा आधीच स्वयंपाकघरात गेलेला, आता पायाखाली जागा नाही. खोली चार मीटर रुंद, भिंत तीन मीटर उंच, वर दोन बाजूंनी उतरतं छप्पर, उतार तीस अंश. आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून दोन मीटर गुणिले ०.५८, म्हणजे १.१५ मीटर. भिंतीच्या माथ्यावर फळ्या टाकल्या तर मुलीला वर गुडघ्यांवर बसून अभ्यास करावा लागेल. हा झाला माळा, कायद्याच्या आणि आजीच्या दोघांच्याही अर्थाने.

मग फळ्या खाली आणू. २.२ मीटरवर फळ्या टाकल्या तर आढ्याखाली १.९५ मीटर मिळतात, मधोमध ताठ उभं राहता येतं. पण बाजूला सरकलं की छप्पर डोक्यावर उतरतं. दीड मीटरपेक्षा जास्त उंची मिळते ती फक्त मधल्या दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यात. शिवाय खालची खोली २.२ मीटरची झाली, पंखा लावायचा तर जीव मुठीत धरून. आणि खरी अडचण इथेच येते. छपराची कैची म्हणजे दोन तिरके पाय. कौलांच्या वजनाने ते खालच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला पसरू पाहतात, आणि भिंतीच्या माथ्यावरची आडवी तुळई त्यांना धरून ठेवते. फळ्या खाली आणल्या की ही तुळई वरच्या खोलीत बरोबर मांडीच्या उंचीवर येते. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं तर ती ओलांडायची. तिथे सुताराला करवतीचा मोह होतो. तुळई कापली तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत काही दिसत नाही. मग भिजलेली कौलं जड होतात आणि भिंतीच्या माथ्याशी बारीक चीर उमटते.

हे सगळं टाळायचा मार्ग आहे. भिंती तीन फूट, म्हणजे सुमारे ०.९ मीटर उंचवायच्या. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी फिरवायची, आढं दोन्ही टोकांच्या तिकोन भिंतींवर भक्कम पेलायचं म्हणजे वासे आढ्यावर टेकतात आणि पाय पसरायचा प्रश्न उरत नाही, तुळईही लागत नाही. उतरवलेली कौलं त्याच उताराने परत चढवायची. आता फळ्या २.७५ मीटरवर टाका. खालची खोली नियमात बसते. वर मधोमध २.३ मीटर मिळतात, कडेला १.१५, आणि चारपैकी जवळजवळ पावणेतीन मीटर रुंदीत माणूस बिनधास्त वावरतो. कडेच्या बुटक्या जागेत गादी, पुस्तकांची फळी, कपड्यांचं कपाट. दहावीची मुलगी इथे आरामात राहू शकेल. आणि सरासरी उंची? १.७ मीटरच्या थोडी वर. कायद्याच्या लेखी खोली नाहीच.

म्हणजे कायद्याने चालणाऱ्या माणसापुढे दोनच पर्याय राहतात. वर अडगळ ठेवा, किंवा पूर्ण मजला चढवा. पूर्ण मजला चढवायचा तर कौलं उतरवावी लागतात, आणि एकदा उतरवली की परत कोण चढवतो? तिथे स्लॅब पडतो. आपल्याकडे स्लॅब पडणं हा नुसता बांधकामाचा टप्पा नाही, त्या दिवशी पेढे वाटतात. स्लॅबवर पुढचा मजला चढतो, टाकी बसते, पापड वाळतात, भाडेकरू येतो. माळ्याला कुणी भाडं देत नाही. १९९० च्या दशकात लोकल बेलापूरला पोहोचली, जमिनीची किंमत वाढू लागली, आणि कौलं हा चैनीचा विषय झाला.

कौलांचं आणखी एक दुखणं टीकाकारांच्या छायाचित्रांत दिसत नाही, कारण छायाचित्रं बहुधा हिवाळ्यात काढतात. कौलारू घर दरवर्षी मे महिन्यात शाकारावं लागतं. फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, वाळवी लागलेल्या रिपा बदलायच्या. कोकणात हे काम करणारी माणसं आता वाडीवाडीत शोधावी लागतात, शहरात तर विचारूच नका. त्यात वसाहत डोंगरपायथ्याशी, म्हणजे माकडं आलीच. जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो पागोळ्यांतून गळताना ऐकायला छान वाटतो, अंथरुणात गळतो तेव्हा नाही.

आता कोरियांकडे वळतो, कारण मला तक्रार करायची आहे ती त्यांच्याशी. आकाशाला उघडी जागा हा त्यांच्या विचारातला सर्वांत सुंदर भाग. आपल्या हवामानात अंगण, ओटा, गच्ची यांना खोलीइतकाच उपयोग आहे, आणि घराचा हिशोब करताना ती जागा मोजलीच पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. ते खरं आहे. बेलापूरची अंगणं आजही वापरात आहेत, आणि घरं बदलूनही वसाहतीचा सांगाडा टिकला याचं श्रेय त्या अंगणांच्या मांडणीला जातं. पण आकाश मोजता मोजता छपराखालची जागा मोजायची राहिली. लहान घरांचं छप्पर पूर्ण झालेलं चित्र म्हणून दिलं गेलं. खाली घर वाढू शकतं, बाजूला वाढू शकतं, वर मात्र पूर्णविराम. वाढत्या घराच्या सिद्धान्ताला जिथे खरी परीक्षा द्यायची होती, तिथे त्याने कोकणातल्या खेड्याचं रूप घेतलं.

आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. १९६० च्या सुरुवातीला अहमदाबादेत त्यांनी बांधलेलं ट्यूब हाउस आठवा. लांबट, अरुंद घर, उतरतं छप्पर, आत झोपण्यासाठी अर्धा वरचा मजला. तापलेली हवा छताच्या उताराने वर चढत माथ्यावरच्या फटीतून बाहेर जायची. त्या घरात सगळी बुद्धी छपराखालच्या पोकळीत होती. माळा तिथे माडीच होता, पहिल्या दिवसापासून. ते घर १९९५ साली पाडलं गेलं. बेलापूरच्या लहान घरांत ट्यूब हाउसचा तो अर्धा मजला, निदान त्याची पूर्वतयारी, म्हणजे तीन फूट उंच भिंत आणि भक्कम आढं, दिलं असतं तर? खर्च थोडा वाढला असता. पण दहा वर्षांनी एखाद्या कुटुंबाला घर पाडण्याआधी फळ्या टाकून पाहावंसं वाटलं असतं.

चिलीच्या अलेहांद्रो अरावेना यांनी पुढे हीच गोष्ट नेमकी पकडली. इकिके शहरातली त्यांची २००४ ची घरं प्रसिद्ध आहेत. सरकारी पैशात अर्धंच घर बसतं, तर कुटुंबाला एकट्याने करायला जे अर्धं अवघड ते आपण बांधायचं, सांगाडा, जिना, मोरी, नळ. सोपं अर्धं त्यांच्यावर सोडायचं. बेलापुरात उलटं झालं. छप्पर हा घरातला सर्वांत अवघड आणि खर्चिक भाग. तो बांधून दिला, आणि वाढायचं तर तोच फेकून द्यावा लागला. बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्यमध्ये छप्पर सपाट होतं. तिथे वर जाणारा जिना नुसता पुढे चालू ठेवायचा होता.

एक तुलना मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे ल कॉर्बुझिए यांनी १९२६ साली कामगारांसाठी सपाट छपरांची, लांबलचक खिडक्यांची सुमारे पन्नास घरं बांधली. रहिवाशांनी काय करावं? खिडक्या लहान केल्या आणि काही ठिकाणी सपाट छपरावर उतरतं छप्पर चढवलं. फिलीप बुदाँ यांनी १९६९ साली त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे पेसाकला सपाट छपरावर कौलं चढली आणि बेलापूरला कौलांच्या जागी सपाट छप्पर आलं. लोकांना अभिरुची नसते हे म्हणणाऱ्याने आधी सांगावं, यातले अडाणी कोण? पावसाला, पैशाला आणि शेजाऱ्याच्या घराला उत्तर म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी जवळ होतं ते केलं. पेसाकची घरं नंतर डागडुजी करून जुन्या रूपात आणली जाऊ लागली, आणि २०१६ मध्ये ती जागतिक वारसायादीत गेली. बेलापूरला ते नको. तिथे माणसं राहतात, आणि साडेपाचशे कुटुंबांच्या घरांचं संग्रहालय करायचा अधिकार वास्तुकलेच्या इतिहासाला नाही.

इथे साहित्याच्या वाचकाला ‘वाडा चिरेबंदी’ आठवणं साहजिक आहे. एलकुंचवारांचं ते नाटक १९८५ साली रंगभूमीवर आलं, बेलापूरची घरं उभी राहत होती त्याच सुमारास. घर आणि घराणं एकत्र ढासळणं ही आपल्या साहित्याची आवडती प्रतिमा. ती इतकी सवयीची झाली आहे की कुठलंही जुनं घर पडताना दिसलं की आपण लगेच शोकाचा सूर लावतो. पण वाड्याचं दुखणं माणसं कमी आणि खोल्या जास्त हे होतं. बेलापूरचं दुखणं खोली कमी हे आहे. दोन्हींसाठी एकच रडगाणं गाऊन भागणार नाही.

माझी उत्सुकता आता उरलेल्या कौलारू घरांविषयी आहे. जितकी उरलीत तितकी. त्यांत जो कुणी माळ्याची माडी करायचा घाट घालतो, त्याला मी या आराखड्याचा सर्वांत चांगला वाचक म्हणेन. पाडणारा आराखडा बाजूला ठेवतो, शोक करणारा तो भिंतीवर टांगतो. माळा चढवणारा कोरियांनी अर्धं सोडलेलं वाक्य पूर्ण करतो. त्याच्यापुढची खरी अडचण उंचीइतकीच उकाड्याची आहे, हेही सांगायला हवं. कौलारू घर खाली थंड राहतं, कारण तापलेली हवा माळ्यावर साचते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. माळ्याची खोली केलीत की घराची छत्रीच राहायला घेतलीत. खालून प्लायचं छत ठोकून एसी लावणं हा सोपा आणि वाईट उपाय आहे. वाशांच्या खालून फळ्यांचं अस्तर, अस्तर आणि कौलं यांच्यामध्ये दोन-तीन इंचांची पोकळी, वळचणीशी हवा आत यायला जागा, आढ्याशी बाहेर जायला जागा, हा जुनाच उपाय आहे, ट्यूब हाउसच्या जातीचा. दोन काचेची कौलं बसवली की दिवसा दिवा लागत नाही.

सिडकोच्या जमिनी मुळात साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या, बांधकामाची परवानगी १९९२ पासून अस्तित्वात असलेल्या महापालिकेकडे, आणि वाढीव बांधकाम म्हटलं की सगळे चटईक्षेत्राचं गणित मांडतात. या कागदांत माळ्याच्या माडीसाठी एक ओळ घालणं अशक्य नाही. वसाहतीपुरती, कौलांचा उतार कायम ठेवला, भिंत एक मीटरपेक्षा जास्त उंचवली नाही, आढं भिंतीवर पेललं, तर सरासरी उंची कमी असली तरी ती राहण्याची खोली मानू आणि तिला कायमचा जिना लावू देऊ. सोबत सुताराला वाचता येईल असा एका पानाचा नकाशा. इतकं करूनही बरेच जण स्लॅबच टाकतील. भाडेकरूचा प्रश्न नकाशाने सुटत नाही. पण दहावीच्या मुलीला खोली हवी असलेल्या बापाला सध्या कुणी तिसरा रस्ताच दाखवत नाही. तो कंत्राटदाराकडे जातो, कंत्राटदार स्लॅबचा भाव सांगतो, आणि कौलं ट्रकमध्ये भरली जातात.